मार्केत्तीपायी गेलेला आवाज

सोमवारी सकाळी एवेलियोनं "कॉफी झाली का?" असं विचारायला तोंड उघडलं आणि आतून नुसती हवा आली. त्यानं घसा खाकरला, पुन्हा प्रयत्न केला. सायकलच्या चाकातून निघावा तसा 'फुस्स' असा आवाज झाला आणि संपला.

चुलीपाशी उभ्या असलेल्या मिग्दालियानं मागे वळूनही पाहिलं नाही.

"नको बोलूस. मला तरी कुठे बोलायचंय? काल अंडी आणायला गेलास आणि अंधार पडल्यावर हात हलवत परत आलास. आणि वर रुसायचं ते तूच?"

एवेलियोनं तिच्या समोर जाऊन दोन्ही हात गळ्याशी नेले.

"जीव देईन म्हणतोस? दे की! पण आधी कारखान्यात जाऊन ये, मग काय ते कर."

कारखान्याचं नाव निघताच एवेलियोच्या कपाळावर घाम फुटला. तो पाहून मात्र मिग्दालियाच्या हातातला चमचा थांबला. तिनं जवळ येऊन नवऱ्याच्या उघड्या तोंडात डोकावून पाहिलं.

"अरे देवा! आवाज गेला? आणि तो आजच?"

आजच. हवानाच्या बस स्थानकावर गाड्यांच्या वेळा पुकारण्यात एवेलियोच्या उमेदीची वर्षं सरली होती. मग तिथे आधीच भरून ठेवलेला आवाज वाजू लागला आणि तो घरी बसला. एवढ्यात सिगारच्या कारखान्यातला जुना वाचक थकला. सिगार वळणाऱ्या कारागिरांना दिवसभर वर्तमानपत्र आणि कादंबऱ्या वाचून दाखवायचं काम. वाचक कोण हे मालक ठरवत नाही, कारागीर मत देऊन ठरवतात. दोन उमेदवार आधीच वाचून गेले होते. आज एवेलियोची पाळी होती. खणखणीत आवाज सोडला तर त्याच्यापाशी दुसरं काही भांडवल नव्हतं.

आणि ते त्यानं काल पार्कात उधळलं होतं.

तिथे बेसबॉलवर तावातावानं भांडणाऱ्यांचा अड्डा रोज भरतो. एवेलियो अंड्यांच्या रांगेकडे निघाला होता, फक्त क्षणभर ऐकायला थांबला. विषय होता, क्युबाच्या आजवरच्या सर्वश्रेष्ठ फलंदाजांत पहिले तीन कोण. लिनारेसबद्दल कुणाचंच दुमत नव्हतं. दुसरी जागा बऱ्याच रडारडीनंतर किंदेलानला मिळाली. तिसऱ्या जागेसाठी एवेलियोच्या तोंडून सहज निघून गेलं, "मार्केत्ती."

"मार्केत्ती?" निकानोर नावाचा एक जाडा न्हावी हसला. "तो एका फटक्याचा धनी! एक होमरन मारला आणि जन्मभर त्यावर जेवला."

"एका फटक्याचा?" एवेलियोचा आवाज चढला. "अंतिम सामना जिंकून देणारा फटका होता तो! तुझ्या सात पिढ्यांत कुणी मारलाय का?"

"माझ्या पिढ्यांचं सोड. तिसरा मुन्योस! त्याच्यासमोर तुझा मार्केत्ती म्हणजे चटणी! तोंडी लावायला ठीक!"

यानंतर जे झालं त्याला चर्चा म्हणणं कठीण आहे. एक परदेशी बाई मारामारी समजून पोलिसाला घेऊन आली. पोलीस आला, त्यानं ऐकून घेतलं, आणि "कासानोवाला कसं विसरलात?" म्हणत तोही वादात उतरला. अंधार पडला तेव्हा निकानोर अजून हसत होता आणि एवेलियोच्या घशात काटे उभे राहिले होते.

"मार्केत्तीचं नाव काढलं की तुझं डोकंच फिरतं," मिग्दालिया मिठाचं पाणी ढवळत म्हणाली. "तो येणार आहे का आता तुझ्यासाठी वाचायला?"

मिठाच्या पाण्यानं काही झालं नाही. मध-लिंबानंही नाही. मग शेजारची ओर्तेन्सिया रममध्ये लसूण ठेचून घेऊन आली.

"गुळणी कर. माझ्या भावाचा घसा असाच सुटला होता."

घाईत एवेलियोनं गुळणीचा घोट गिळला. ठसका लागून उरलेली रम शर्टावर सांडली. इस्त्रीचा तो एकच शर्ट होता.

सामायिक टॅक्सीत त्याच्या लक्षात आलं की उतरायचं असेल तर ओरडावं लागतं. कारखाना आला, त्यानं तोंड उघडलं, कारखाना गेला. त्यानं पुढच्या माणसाचा खांदा हलवला.

"सकाळी सकाळीच लावून आलाय!" वास घेत तो म्हणाला आणि आणखी सरकून बसला. शेवटी एक बाई उतरली तेव्हा एवेलियोही उतरला आणि मागे कारखान्याकडे धावत सुटला.

धापा टाकत तो दारात पोचला तेव्हा कारागिरांची म्होरकी सोराइदा वाट पाहत उभी होती. जाड भिंगांचा चष्मा, ओठांत न पेटवलेली सिगार. तिनं नाक फुगवून वास घेतला.

"उशीर. रम. लसूण," ती म्हणाली. "आमच्याकडे याआधी एवढी तयारी करून कुणीच आलं नव्हतं."

एवेलियोला सगळं सांगायचं होतं. तो नुसता हसला, आणि ते हसू कसं दिसलं असेल हे लक्षात येताच त्यानं ओठ मिटून घेतले. आता भरवसा होता तो माईकचा. कुजबुजलं तरी ऐकू जाईल. तो वाचकाच्या ओट्यावर चढला, माईक तोंडाशी ओढला, आणि वीज गेली.

समोर एवढी माणसं तंबाखूची पानं वळायचं थांबवून बघत होती. एवेलियोनं वर्तमानपत्र उघडलं. 'फुस्स.' पुन्हा 'फुस्स.'

"मोठ्यानं!" मागून कुणीतरी ओरडलं.

त्यानं गळ्याकडे बोट दाखवलं. तेवढ्यानं भागेना, म्हणून ओरडण्याचा आविर्भाव केला. मग काय सुचलं कुणास ठाऊक, हातात बॅट धरल्यासारखे हात उचलले आणि मार्केत्ती मारायचा तसा डावखुरा फटका हाणला.

पहिल्या रांगेतला एक म्हातारा उठला. "अरे, हा पार्कात भांडून आलाय! मुन्योससाठी घसा फोडलाय यानं!"

एवेलियो जोरजोरानं नकारार्थी मान हलवू लागला.

"मुन्योस कसला? मार्केत्तीच तो!" दुसरा गरजला. एवेलियोनं त्याच्याकडे बघून हात जोडले.

"दोघंही चुकताय!" सांतियागोकडची एक कारागीर बाई बाकावर चढली. "त्याचं तोंड आपल्याकडे आहे. आरशासारखं उलटं धरा. म्हणजे फटका उजवा. म्हणजे आमच्या सांतियागोचा किंदेलान!"

मग छप्पर उडायचं तेवढं बाकी राहिलं. खूश झाले की इथले कारागीर पान कापायचं पातं फळीवर आपटतात, आणि चिडले की जमिनीवर टाकतात. आता दोन्ही एकदम सुरू झालं. जो तो ओट्यापाशी येऊन एवेलियोला आपली बाजू ऐकवू लागला. एवेलियोला कुणालाच उत्तर देता येईना. तो नुसता ऐकत होता आणि घाबरून मान डोलवत होता. ज्याच्याकडे बघून डोलवली, तो समाधानानं जागेवर जाऊन बसला.

व्यवस्थापक धावत आला. "काय चाललंय काय? वाचन झालं का?"

"झालं," सोराइदा म्हणाली.

"एक शब्द तरी वाचला त्यानं?"

"वाचक आमचा, मत आमचं. तुम्ही मध्ये पडू नका. हात वर करा रे!"

एवेलियोनं डोळे घट्ट मिटले. मिग्दालियाला हे कसं सांगायचं याचाच तो विचार करत होता. सांगायला आवाज नाही, एवढी एकच सोय होती. त्यानं डोळे उघडले तेव्हा सगळे हात वर होते.

"आधीचे दोघं छान वाचत होते," म्हातारा शेजाऱ्याला सांगत होता, "पण हा माणूस ऐकून घेतो! आणि मुन्योससाठी आवाज गमावणारा माणूस वाईट कसा असेल?"

सोराइदानं एवेलियोचा हात धरून त्याला ओट्यावरून उतरवलं, कोपऱ्यात नेलं आणि आवाज खाली आणला.

"त्या गाढवांना काही कळत नाही. मी पिनार देल रिओची आहे, मी बरोबर ओळखलं. खरं सांग, आमच्याकडचा कासानोवाच ना?"

नोकरी मिळाली होती. नुसती मान डोलवायची होती, आणि सकाळपासून तो दुसरं करत तरी काय होता? त्यानं मान खाली नेली, अर्ध्यावर आणली, आणि सकाळभर दडून बसलेला आवाज नेमका तेव्हाच परत आला. साऱ्या दालनात तो बस स्थानकावर घुमायचा तसा घुमला:

"मार्केत्ती!"

पाती थांबली. माना वळल्या. एवेलियोनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं, पण आता त्याचा काय उपयोग?

सोराइदानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"मतदान झालंय," शेवटी ती म्हणाली. "आता काही करता येत नाही. उद्या वेळेवर ये. बातम्या वाच, कादंबरी वाच, हवामान वाच." तिनं त्याच्या हातातलं वर्तमानपत्र ओढून शेवटचं पान अलगद वेगळं केलं आणि घडी घालून स्वतःच्या खिशात ठेवलं.

"खेळाचं पान मी वाचेन."