मशीनले आराम

कुंदनच्या स्क्रीनवर तीन हिरवे ठिपके होते. साडेनऊला त्यातला मधला लाल झाला, आणि कुंदन असा ताडकन उठला की मांडीवरची पोह्यांची बशी फरशीवर उपडी झाली.

"आता काय झालं?" त्याच्या बायकोनं, वर्षालीनं विचारलं. तिच्या शाळेला उन्हाळ्याची सुटी होती.

"अकोल्याची एक मशीन गेली."

"कुठी गेली?"

"अवं, बंद पडली. थांब... आली पाय परत!"

प्रकरण असं होतं. अकोल्याच्या एका दालमिलचं सगळं काम, म्हणजे तूर किती आली, डाळ किती निघाली, कोणत्या गाडीत चढली, ते कुंदनच्या पुण्यातल्या कंपनीच्या सॉफ्टवेअरवर चालणार होतं. हे सॉफ्टवेअर लहान लहान डब्यांत भरलेलं. डब्यांना कंटेनर म्हणायचं, आणि ते डबे वाटून घेणाऱ्या तीन मशीनींच्या कुटुंबाला क्लस्टर. एरवी हा संसार क्लाउडवर, म्हणजे दूरच्या भाड्याच्या मशीनींवरच मांडतात. पण मिलचे मालक शेखरभाऊ म्हणाले होते, "आपला माल आपल्या गोदामात. हात लावून पायता आला पायजे." म्हणून मशीनी मिलच्या ऑफिसात, त्यांना नवं सॉफ्टवेअर पाठवणारी व्यवस्था क्लाउडवर, आणि दोघांची गाठ मारायचं काम अमरावतीत बसलेल्या कुंदनकडे. तिन्ही मशीनी सलग चाळीस मिनिटं हजर राहिल्या तरच ती गाठ पक्की बसणार होती.

आणि ती आज चारच्या आत बसायलाच हवी होती. चार वाजता मालकांना सगळं चालवून दाखवायचं होतं. वर्षालीला सहा वर्षांच्या खटपटीनंतर अमरावतीजवळच्या नांदगाव खंडेश्वरच्या शाळेत नोकरी लागली, म्हणून कुंदननं घरून काम करायची परवानगी मिळवली होती. त्याच्या वरिष्ठ, पुण्याच्या मॅडमनी काल शांतपणे सांगितलं होतं, "घरून जमतंय का ते उद्या कळेलच. नाहीतर सोमवारपासून पुण्यात." मॅडम शांतपणे बोलल्या, म्हणजे त्यांचं ठरलेलं असे.

दहाला तिसरा ठिपका लाल झाला. साडेदहाला पहिला. दर वेळी गाठ निम्म्यावर आलेली सुटायची. कुंदननं मिलच्या ऑफिसात फोन लावला. तिथे खुशालराव होते, चाळीस वर्षं मिलच्या मोटारी सांभाळून आता या मशीनींवर लक्ष ठेवायला बसवलेले.

"काका, विजेची लाइन हाय का?"

"हाय ना."

"इंटरनेटची तार निघाली तं नाई?"

"पक्की हाय. वढून पायली."

"मंग काही आवाज, धूर, वास?"

"वास येऊन राहिला, पण तो तुरीचा."

कुंदननं सगळ्या जुळण्या मोडून पुन्हा केल्या. अकोल्याच्या केबलवाल्या प्रीतमला पिटाळलं, त्यानं चांगली तार काढून नवी टाकली. पुण्याला विचारलं तर पुणे म्हणालं, तिकडचं नेटवर्कच तसलं. तोवर कुंदन खुर्चीत पाच मिनिटं टिकत नव्हता. उठायचा, माठातलं पाणी प्यायचा, पुन्हा बसायचा, पुन्हा उठायचा. शेवटी त्याची आई मनकर्णाबाई मीठ-मिरच्या घेऊन आल्या आणि लॅपटॉपवरून उतरवून त्यांनी त्या गॅसवर टाकल्या. घरभर ठसका उठला, आणि त्या ठसक्यातच दुसरा ठिपका लाल झाला.

"म्या आता सोता जातो अकोल्याले!" कुंदन ओरडला.

"या उनात?" आईनं विचारलं. पण पोरगं ऐकत नाही म्हटल्यावर त्यांनी त्याच्या डोक्याला दुपट्टा गुंडाळला आणि ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा कोंबला.

बडनेरा, मूर्तिजापूर करत, भट्टीच्या तोंडातून जावं तसा कुंदन दोनच्या सुमारास मिलमध्ये पोचला. ऑफिसाच्या खिडकीला ओलं पोतं लावलेलं होतं. आत कुलर घरघरत होता. आणि खुशालराव तिसऱ्या मशीनच्या पाठीवर, बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा हात ठेवून उभे होते.

"तापली बाप्पा," ते प्रेमानं म्हणाले, आणि त्यांनी बटण दाबलं.

"काका! हे काय करून राहिले तुमी?"

"आराम देऊन राहिलो. सकाळपासून एकेकीले देतो. पयली, मंग दुसरी, मंग तिसरी."

"अहो, पण काहून?"

"काहून म्हंजे? पारा कुठी गेला पाहा. मोटरले आराम नाई देल्ला तं वायंडिंग जळते. चाळीस वर्सांत एक मोटर जळू नाई देल्ली म्या."

"मले फोनवर सांगतलं काहून नाई?"

"तुमी इचारलं कुठी? तुमी इचारलं लाइन हाय का. लाइन होती."

कुंदननं कपाळावर हात मारला. सकाळपासून क्लाउड, केबल, कंपनी आणि दृष्ट यांच्यावर घेतलेला संशय फुकट गेला होता. संताप अनावर झाला होता, पण एवढ्या मायेनं केलेल्या कामावर ओरडायचं तरी कसं? त्यानं हात जोडले.

"काका, माही नोकरी हाय याच्यावर. फक्त एक घंटा कोणालेच आराम देऊ नका."

"अन् जळल्या तं?"

"मी भरून देईन."

"पैशाचं नाई म्हणत मी. जीवाचं म्हणतो," खुशालराव म्हणाले. पण मोठ्या मनानं त्यांनी आपला कुलर मशीनींकडे फिरवला. "एक घंटा बरं का. वर एक मिन्ट नाई."

मशीनी चालू करून पुन्हा मांडामांड करण्यात सव्वातीन वाजले. तिथून खुशालरावांनी घंटा मोजायला घेतला. चारला पाच मिनिटं कमी असताना गाठ बसली. तिन्ही ठिपके हिरवे! कुंदनचा जीव भांड्यात पडला.

चारला शेखरभाऊ येऊन बसले, पुण्याहून मॅडम स्क्रीनवर आल्या. कुंदननं क्लाउडवरून नवं सॉफ्टवेअर सोडलं, ते मिलच्या तिन्ही मशीनींवर उतरलं, काट्यावरच्या गाडीचं वजन पडद्यावर दिसू लागलं. शेखरभाऊंनी मान डोलावली. सव्वाचारला, बोलल्या शब्दाला जागून, खुशालरावांनी हळूच हात लांबवला आणि दुसरी मशीन बंद केली.

ठिपका लाल झाला. आता पुणे, सोमवारची गाडी, सगळं कुंदनला दिसू लागलं.

"कुंदन," मॅडम शांतपणे म्हणाल्या, "एक मशीन गेलेली दिसतेय."

पण पडद्यावरची वजनं येतच होती. बंद मशीनचे डबे थोड्या वेळात उरलेल्या दोघींनी उचलले होते. क्लस्टर असतंच त्यासाठी, हे दिवसभराच्या धावपळीत कुंदनच विसरला होता.

"मशीन बंद, अन् काम चालू?" शेखरभाऊ पुढे सरकले. "हे पायजे होतं मले! त्या दिवशी तुमी नुसतं तोंडानं सांगतलं होतं."

"चालू कामात मशीन पाडून दाखवलीत तुम्ही?" मॅडमचा आवाज प्रथमच बदलला. "मुद्दाम?"

कुंदननं खुशालरावांकडे पाहिलं. खुशालराव मशीनला वारा घालत होते.

"हो... म्हणजे सकाळपासून तीच चाचणी सुरू आहे, मॅडम," तो म्हणाला, आणि त्यात तसं खोटं काहीच नव्हतं.

"उत्तम. मग पुण्याला येऊन काय करणार? अमरावतीतूनच करा काम. फक्त अहवाल पाचपर्यंत पाठवा."

मालक गेले. कुंदननं वर्षालीला दोन शब्द कळवले आणि अहवाल लिहायला बसला. पहिली ओळही झाली नव्हती, तोच त्याच्या मानेवर एक खरखरीत हात टेकला.

"बाप्पा! लय तापले तुमी," खुशालराव म्हणाले, आणि त्यांनी लॅपटॉप मिटला.

"काका, अहवाल..."

"पडा."

कोपऱ्यात रिकाम्या पोत्यांची थप्पी होती. पाठ टेकताच सकाळपासून एका जागी न बसलेला कुंदन घोरू लागला. सव्वापाचला त्याचा फोन वाजला. खुशालरावांनी उचलला.

"कुंदन, अहवाल कुठे आहे?"

"मॅडम, ते बंद हायेत."

"बंद? म्हणजे?"

"सकाळपासून चालू होते, तापले. अर्ध्या घंट्यानं चालू करतो. तवरक त्याहीचं काम बाकीच्याहीवर टाका."

पुण्याच्या बाजूला खुर्ची करकरली.

"बाकीची म्हणजे मीच आहे हो, काका," मॅडम म्हणाल्या. "सकाळी सहापासून."

"मंग तुमीबी तापल्या असान. आवाजावरूनच समजून राहिलं मले. ठेवा फोन, अन् पडा जराशा."

आणि मॅडमनी फोन ठेवला.