एकशे पंच्याऐंशी ग्रॅमची घट

"फुकट आहे म्हणतोय," पासंगराव संगणकाच्या पडद्याकडे बोट दाखवून म्हणाले. घरात साप निघाल्यावर माणूस ज्या आवाजात बोलतो, तोच आवाज.

पडद्यावर एक निळी चौकट उमटली होती. 'तुमची प्रणाली जुनी झाली आहे. नवी प्रणाली मोफत उपलब्ध.' खाली दोन बटणं होती. एकावर 'आत्ता', दुसऱ्यावर 'थोड्या वेळाने'.

"ह्यात 'नको' कुठाय?" पासंगरावांनी विचारलं.

"नको कशाला म्हणायचंय?" बायको स्वयंपाकघरातून म्हणाली.

"प्रश्न तो नाही. दारात दुकानदार उभा आहे आणि विचारतोय, माल आत्ता आणून टाकू की जरा वेळाने टाकू? नको म्हणायची सोयच ठेवलेली नाही. ह्याला व्यापार नाही म्हणत, दरोडा म्हणतात."

पासंगराव वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाले, त्याला सहा वर्षं झाली होती. तराजूच्या दोन पारड्यांत जो चोरटा फरक असतो त्याला पासंग म्हणतात. तो ह्यांना रस्त्याच्या पलीकडून दिसायचा, म्हणून व्यापाऱ्यांनीच हे नाव ठेवलं होतं. ते बाजाराच्या ह्या तोंडाला शिरले की त्या तोंडाचे काटे भीतीने आपोआप सरळ होत, असं सांगतात. सांगणाऱ्यांत व्यापारीच जास्त, तेव्हा त्यातलं छटाकभर कमी धरून चालावं.

खातं सुटलं, खोड सुटली नाही. टूथपेस्टच्या नळीचं तोंड गुपचूप रुंद केलंय, साबणाच्या वडीला पोटाशी खळगा पाडलाय, बिस्किटांच्या पुड्यात बिस्किटांपेक्षा हवाच जास्त, आणि धुलाईयंत्राची हमी संपणं नि त्याचा पट्टा तुटणं ह्यांत बरोब्बर एका दिवसाचं अंतर. ह्या सगळ्यांवर त्यांची पत्रं जाऊन पोचली होती. कंपन्यांकडून एकच उत्तर येई: 'आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.' त्यावर ते उलट टपाली लिहीत, 'मोलाचा असेल तर मोल कळवा.'

"ते काय असेल ते असो," बायको हात पुसत बाहेर आली. "आज पाच वाजता मला माझी नात बघायची आहे. नवं घाला, जुनं काढा, नाहीतर संगणकाला शेंदूर फासा. पाचला मला त्या पडद्यावर पोर दिसली पाहिजे."

लेक दूर परदेशी. पाच दिवसांपूर्वी बाळंत झाली होती, आणि आईचा गुडघा नेमका त्याच महिन्यात कापून शिवलेला, त्यामुळे जाणं झालं नव्हतं. चित्रासकट बोलायचा जो काही प्रोग्रॅम असतो, त्याने ह्या जुन्या प्रणालीवर यायला साफ नकार दिला होता. आणि घरात फोन होता तो बटणांचा. ज्याला उघडायला अंगठ्याचा ठसा लागतो तो फोन नसून पोलीस ठाणं आहे, असं पासंगरावांचं मत होतं.

तेव्हा मिस्त्रीला बोलावणं गेलं. मिस्त्री पन्नाशीचा, डोक्यावर चष्मा आणि डोळ्यांवर दुसरा चष्मा. आधी रेडिओ उघडायचा, मग टीव्ही, आता संगणक. येताच त्याने खाली बसून संगणकाच्या डब्याच्या वायरी सोडवल्या. पण डबा उचलला पासंगरावांनी.

"काका, कुठे नेताय?"

"वजनाला."

पासंगरावांनी निवृत्तीनंतर स्वतःसाठी एकच चैन केली होती, ती म्हणजे पितळी पारड्यांचा मोठा तराजू. तो स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीला टांगलेला असे आणि बायकोला आतबाहेर करताना रोज दोनदा कपाळाला लागे. संगणकाचा डबा एका पारड्यात बसला, दुसऱ्यात वजनं चढली.

"आठ किलो चारशे दहा," पासंगरावांनी वहीत लिहिलं. "सही करा."

"काका, मी आयुष्यात इतके डबे उघडले, पण वजन करून कुणी दिला नाही हो."

"म्हणूनच तर धंदा चालला तुमचा."

मिस्त्रीने सही केली. सकाळची वेळ होती, त्याचा अजून माणुसकीवर विश्वास होता.

"काळजी नको काका. तुमची पत्रं, फोटो, सगळं होतं तसं राहील."

"होतं तसं राहणार असेल तर नवीन काय आलं?"

"आतून नवीन येतं."

"आतून!" पासंगरावांनी बायकोकडे पाहिलं. "म्हणजे जिथं गिऱ्हाइकाची नजर पोचत नाही तिथं."

मिस्त्रीने काम सुरू केलं आणि पडद्यावर करारनामा आला. खाली ओळ होती: 'मी हे वाचले आहे व मला मान्य आहे.' मिस्त्रीचं बोट तिकडे निघालं, तोच पासंगरावांनी त्याचं मनगट धरलं.

"कुणी वाचलंय?"

"कुणीच वाचत नाही काका."

"मग ते लिहिणाऱ्यालाही ठाऊक असणार. आणि कुणी वाचणार नाही हे ठाऊक असलं, की तिथंच माणूस खरं लिहितो."

त्रेचाळीस पानं छापायला घातली. एकतिसाव्या पानावर प्रिंटरने शाई संपल्याचं जाहीर केलं. पासंगरावांनी शाईची डबी काढून कानाशी हलवली. आत स्पष्ट डुचमळत होतं. "पोटात आहे आणि संपली म्हणतोय," ते म्हणाले, आणि त्या कंपनीचं नाव वहीच्या शेवटच्या पानावर गेलं. मग पेन्सिल घेऊन वाचन सुरू झालं. सतराव्या पानावर ते थबकले. "'सेवा जशी आहे तशी पुरवली जाईल.' वा! कुजका कांदाही जसा आहे तसाच असतो."

दीड वाजला. पेन्सिलीचं टोक मोडलं म्हणून पासंगराव ती तासायला उठले. तेवढ्यात बायकोने बसल्या जागेवरून हात लांब केला आणि मान्यतेचं बटण दाबून टाकलं.

"काकू!" मिस्त्री कुजबुजला.

"चाळीस वर्षांपूर्वी ह्यांनासुद्धा न वाचताच होकार दिला होता," बायको म्हणाली. "चालवलं ना?"

आता पडद्यावर एक पट्टी सरकू लागली आणि शेजारी टक्के दिसू लागले. पासंगराव परत आले, रागावले, आणि घड्याळ काढून पट्टीसमोर बसले. पहिले तीस टक्के चार मिनिटांत झाले. एकतिसावा टक्का अकरा मिनिटं बसून राहिला.

"हे माप खोटं आहे," ते म्हणाले.

"अंदाज असतो तो काका."

"टक्का म्हणजे टक्का! एका पट्टीवर एक इंच बोटाएवढा आणि दुसरा इंच हाताएवढा, अशी पट्टी दुकानात सापडली असती तर दुकानाला कुलूप लावून आलो असतो मी."

एकसष्टाव्या टक्क्याला पडदा काळा झाला आणि डबा 'हुश्श' करून बंद पडला. पासंगराव विजयी मुद्रेने उठले, आतल्या खोलीत गेले, दार लावलं, आणि खोट्या टक्क्यांची तक्रार नोंदवायला त्यांनी कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला. तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, असं एका बाईने त्यांना सांगितलं, आणि मग दीड तास बासरी ऐकवली.

इकडे मिस्त्रीने डब्याला हात लावला तर तो तव्यासारखा तापलेला. उघडून पाहतो तो आत दहा वर्षांची धूळ उशीसारखी भरलेली. "काकू, ह्याचा श्वास कोंडलाय," तो म्हणाला आणि डबा गॅलरीत नेऊन त्याने हवेचा पंप मारला. करडा ढग उठला, कठड्यावरून खाली उतरला, आणि डबा हलका झाला. पुन्हा जोडला तर पट्टी अशी धावली की तासाभरात नवी प्रणाली हात जोडून उभी. चार वाजून पाच मिनिटं झाली होती. बायकोने केस विंचरायला घेतले.

बासरी ऐकून पासंगराव बाहेर आले ते सरळ वजनाला. पारडं खाली गेलंच नाही. त्यांनी एक वजन काढलं, दुसरं काढलं, मग डोळा बारीक केला.

"आठ किलो दोनशे पंचवीस. एकशे पंच्याऐंशी ग्रॅमची घट. मिस्त्री, काय काढलंत?"

"धूळ होती काका."

"कुठाय?"

"उडवली."

"पुरावा उडवला म्हणा!"

मिस्त्रीने खिसे उलटे केले. त्यातून एक स्क्रू-ड्रायव्हर, किल्ल्या आणि पेपरमिंटची एक गोळी निघाली. पासंगरावांनी गोळीसुद्धा तोलली. मिस्त्रीचा चेहरा उतरला. "काका, गल्लीत माझ्या हातावर लोकांचा विश्वास आहे. हे बाहेर कळलं तर उद्या कुणी मला डबा उघडू देणार नाही."

"मग माल भरून द्या."

तेवढ्यात घंटा वाजली. दारात खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई. हातात तीन कोट होते. दोरीवर घातले तेव्हा पांढरे होते.

"हे तुमच्याकडून आलंय का?" त्यांनी दातांतल्या दातांत विचारलं.

अशा वेळी भला माणूस नाही म्हणतो. पासंगरावांना मात्र आनंदाचं भरतं आलं. "या, या बाई! झटकू नका! हलवू नका! अगं, वर्तमानपत्र आण आणि तो मऊ ब्रश!"

"अहो, मी तक्रार करायला आलेय!"

"तुम्ही साक्षीदार आहात बाई. तुमचे कोट पंचनाम्यात आले."

अर्धा तास कोट ब्रशने झाडले गेले. डॉक्टरीणबाई कॉलर धरून उभ्या, मिस्त्री बाह्या धरून. धुळीचा ढीग पारड्यात चढला. पासंगरावांनी श्वास रोखून वजन केलं, कारण श्वास सोडला तर पुरावा उडाला असता.

"एकशे वीस. पासष्ट कमी."

"वाऱ्यावर गेली असेल हो उरलेली," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"वाऱ्याचा पत्ता द्या."

कुणालाच देता येईना. तेव्हा पासंगरावांनी कपाटातून सुतळी आणि लाखेची कांडी काढली, डब्याला आडवी-उभी सुतळी गुंडाळली, गाठीवर लाख वितळवली आणि खात्याचा ठसा आता नसल्यामुळे आपल्या शर्टाच्या बाहीचं बटण तिच्यावर दाबलं. "घटीचा उलगडा होईपर्यंत माल जप्त. कुणी चालू करायचा नाही."

चार वाजून त्रेपन्न मिनिटं. बायको पावडर लावून, नवी साडी नेसून बाहेर आली. तिने सुतळी पाहिली, लाख पाहिली, मग नवऱ्याकडे पाहिलं.

"अहो, हे काय?"

"जप्तीचा माल आहे. सील तोडणं गुन्हा आहे."

"असं?" बायको लंगडत स्वयंपाकघरात गेली, वाटेत तराजूला कपाळ लागलं, आणि मोठी कात्री घेऊन परत आली. "मग मला आत टाका. पण पाचनंतर. पोरीचं तोंड बघितलं की मी स्वतः चालत येते."

कच्च. सुतळी पडली. डॉक्टरीणबाईंनी नकळत टाळी वाजवली. मिस्त्रीने वायरी इतक्या चपळाईने खोचल्या की पासंगरावांना हरकत नोंदवायलाही फुरसत मिळाली नाही. पाच वाजायला एक मिनिट असताना नवी प्रणाली उघडली आणि पडद्यावर लेक दिसली. केस कसेबसे बांधलेले, डोळ्यांखाली काळं. मांडीवर पांढऱ्या कापडाचं गाठोडं, आणि गाठोड्यातून बाहेर आलेलं एक लालबुंद, रागीट तोंड.

"अगं बाई, हिची भिवई बघ!" बायकोच्या डोळ्यांना धार लागली. "अगदी ह्यांच्यासारखी. आताच संशय घेतेय मेली."

लेक हसली नाही. "बाबा आहेत का? बाबा, एक विचारायचं होतं. जन्मली तेव्हा तीन किलो शंभर होती. आज वजन केलं तर दोन किलो नऊशे. नर्स म्हणते असं होतंच, सगळ्या बाळांचं होतं, भरून येतं. पण दोनशे ग्रॅम, बाबा! पाच दिवसांत! गेले कुठे? माझंच काही चुकतंय का? मला काही येतच नाही का?"

मिस्त्रीने दोन्ही चष्मे काढून डोळे मिटले. डॉक्टरीणबाईंनी कोट छातीशी धरले. बायकोने टेबलाखालून नवऱ्याचं मनगट पकडलं. आता हा माणूस विचारणार, काटा कुणाचा, कपड्यांसकट की कपड्यांवाचून, सही कुणाची. आणि तिकडे ती पोर, पाच रात्रींची जागलेली, कोसळणार.

पासंगरावांनी खुर्ची पुढे ओढली. बराच वेळ ते त्या लाल तोंडाकडे पाहत राहिले. तोंडाने जांभई दिली. त्यांच्या ओठांपर्यंत काहीतरी आलं, ते त्यांनी गिळलं, ते खाली उतरताना गळ्याशी दिसलंसुद्धा.

"दोनशेच ना?" ते म्हणाले. "मग काही नाही गं. धूळ असते ती."

"धूळ?"

"नव्या मालावर असतेच. झडते. आठवड्याभरात बघ, पारडं खाली जातं की नाही. तुझा बाप इतकी वर्षं खात्यात काय माश्या मारत होता?"

"खरंच, बाबा?"

"लिहून देऊ? सहीनिशी?"

लेक हसली. हसता हसता रडली, आणि मग नीट हसली. बायकोने मनगट सोडलं. तिथे चार बोटांचे ठसे लाखेवर उमटावेत तसे उमटले होते.

मिस्त्री खाकरला. दोन पावलं पुढे आला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "काका, मग माझे ते पासष्ट ग्रॅम..."

"मिस्त्री," पडद्यावरची नजर न काढता पासंगराव म्हणाले, "लहान मुलांसमोर वजनाच्या गोष्टी काढू नयेत."