माझ्या अंदाजाचा चुना

सातवीला तीनदा बसलेला माणूस इंजिनिअरिंगला मदत करू शकतो, असं त्या रविवारी मला वाटलं. तिथंच सगळं बिनसलं.

आमची नात सृष्टी ओझरच्या घरामागं ओट्यावर कॉलेजच्या प्रकल्पासाठी सिमेंटशिवाय सिमेंट करत होती. वीज केंद्रातली राख आणि कसलंसं जहाल पाणी (मला चार हात लांब बसवलेलं). सोमवारी दहाला बाहेरचे सर परीक्षेला येणार. शनिवारचे ठोकळे अजून मऊच, आणि घट्ट ठोकळा दाखवला नाही तर वर्ष गेलं.

"थंडीत नुसती राख लवकर आवळत नाही, आबा," ती म्हणाली. "चुन्यातलं कॅल्शियम मिळालं की आत वेगळीच खळ बनते, झटपट घट्ट होणारी. पण तीनच चमचे."

एवढं सांगून ती साच्यांना तेल लावायला आत गेली.

तीन चमचे! मोरचुदाबरोबर द्राक्षांवर फवारायला मी जन्मभर चुना कालवला, पण चमच्याला कधी हात लावला नाही. शिवाय तिची जरा गंमत करायची होती. पोरगी बाहेर येते तो माल तयार. तिचे हातमोजे चढवले (तेवढी अक्कल होती), तिनं कालवून ठेवलेल्या राखेच्या बादलीत फवारणीच्या पोत्यातला चुना दोन ओंजळी टाकला, अन् हाताशी आली ती रवी घातली. रवी चतुराबाईची, म्हणजे माझ्या बायकोची, माहेरून आणलेली.

पहिल्या घुसळणीला पिठलं. दुसरीला शिरा. तिसरीला रवी हलेना. ओढली, तर बादलीसकट वर आली.

सृष्टी आली. मी बादलीपुढं उभा राहिलो (रुंदी कमी पडली).

"आबा, चुना किती घातला?"

"तुझ्या अंदाजानं."

"माझा अंदाज तीन चमचे होता."

"मंग माझ्या अंदाजानं."

राख संपली होती. पोरगी मटकन पायरीवर बसली, डोळे भरलेले. चतुराबाई तर ताक कशानं घुसळू ते सांगा, एवढंच विचारत राहिली.

सोमवारी सृष्टीनं मऊ ठोकळा आणि माझी शिळा, दोन्ही सरांपुढं मांडली. कॅल्शियम नसलं तर असं, मोजमाप सोडून पडलं तर असं. सर खूश झाले. पोरगी पास.

तिचा छापील अहवाल घरी आला. माझ्या शिळेच्या फोटोखाली ओळ होती: 'बिघाडाचं कारण: आजोबा.'

चतुराबाईनं ती ओळ दोनदा वाचून घेतली.

"त्रेचाळीस वर्षं मी हेच सांगतेय," ती म्हणाली. "आज कॉलेजनं शिक्का मारला."