भावाभावांचं नाटक

नाटक मी एकाच संध्याकाळी निवडून देतो, असं मी मुख्याध्यापिका एव्दोकियाबाईंना छातीठोकपणे सांगितलं! तीस वर्षं मुलांना प्राचीन ग्रीक नाटकं शिकवली, बसवलं मात्र एकही नाही. धीरच झाला नाही. आता जूनमध्ये आमच्या डोंगरातली ही नऊ मुलांची शाळा कायमची बंद होणार होती. म्हणजे ही शेवटची संधी.

निवडलं ते दोन भावांचं. बापाच्या राज्यावरून लढतात आणि दोघेही मरतात. मरण रंगमंचाबाहेर, त्यामुळे रक्ताची सोय करायला नको. उरलेली सात मुलं म्हणजे गावातल्या म्हाताऱ्यांचा कोरस. कुणी रुसायला नको! भावांच्या भूमिका सगळ्यांत स्वच्छ बोलणाऱ्या दोघींना दिल्या. एक खाटीक स्तमातिसची मुलगी, दुसरी कॉफीवाल्या आर्गिरिसची.

स्तमातिस आणि आर्गिरिस सख्खे भाऊ. वडील गेल्यापासून, म्हणजे नऊ वर्षं, ऑलिव्हच्या बागेवरून अबोला. बागेत मधोमध भिंत. हे मला ठाऊक नव्हतं? होतं की! पण पुस्तकात डोकं घातलं की मला गाव दिसत नाही.

पहिल्या तालमीनंतर बातमी फुटली: मास्तरांनी अबोला स्टेजवर आणला! दुसऱ्या दिवशी लोकांच्या तोंडी नाटकात भिंत आली. तिसऱ्या दिवशी स्तमातिसची लंगडी मेंढीसुद्धा!

चौथ्या दिवशी दोघेही माझ्या दारात. एकाच वेळी! तोंडं मात्र दोन दिशांना.

"मास्तर, त्याला सांगा," स्तमातिस गरजला, "थोरल्याचा मान मोठा असतो!"

"तुम्ही त्याला सांगा," आर्गिरिस म्हणाला, "मान असतो, अख्खी बाग नसते!"

हातभर अंतरावरच्या माणसांचे निरोप मी पोस्टमनसारखा पोचवत होतो. घसा सुकला. आणि कसं कोण जाणे, तोंडातून निघून गेलं, "अरे, पण तुमचे वडील म्हणाले होते, बाग वाटू नका. तेल एकत्र काढा."



"कधी म्हणाले?" स्तमातिसने विचारलं.

"शेवटच्या दुपारी. मी उशाशी बसून त्यांना वाचून दाखवत होतो."

आर्गिरिस हळूच वळला. "दादा, ऐकलंस?"

"ऐकलं रे! मास्तर, नऊ वर्षं मूग गिळून बसलात?"

"मला वाटलं, घरच्या भांडणात आपण कोण बोलणार? आणि... कुणी विचारलंच नाही."

मग दोघे मिळून जे माझ्यावर बरसले! एक दम घ्यायला थांबला की दुसरा त्याचं वाक्य पुरं करायचा. मला शिव्या देत देतच उतार उतरले. एकमेकांबरोबर.

नाटक झालं. त्याआधी दोघा भावांनी मिळून अट घातली ती एकच. कोरसमध्ये एक म्हातारा आहे. सगळं जाणतो, नुसता हळहळतो आणि सगळं होऊन गेल्यावर तोंड उघडतो. तो मी करायचा.

"या वयात पाठांतर जमेल ना, मास्तर?" एव्दोकियाबाईंनी काळजीने विचारलं.

"त्याची चिंता नको, बाई," मी म्हणालो. "नऊ वर्षं तालीमच चालली होती."