न विझणारं इंजिन

जेवताना धाकट्या साडूचं कौतुक सुरू झालं, की थोरल्या साडूच्या घशाखाली पाणीसुद्धा उतरत नसे. आणि कौतुक कशाचं, तर व्हिडिओ गेममधल्या भट्टीचं!

दोन्ही कुटुंबं मिळून एकच गेम खेळत, त्यातल्या एकाच गावात आपापली घरं बांधत. त्याची खुबी अशी, की प्रोग्रॅमिंग येणाऱ्याने त्यात आपली यंत्रं घालावीत. धाकट्याने इंधनावर चालणाऱ्या यंत्रांसाठी भट्टीची एक आयती जोडणी लिहिली होती. कुणीही आपला पंप, आपली गिरणी तिला जोडावी. कुठलं इंधन किती वेळ जळेल, धग किती, विझवायचं कसं, सगळं ती सांभाळे. कुठकुठले अनोळखी लोक ती वापरत.

"तुम्हीही प्रोग्रॅमरच ना?" बायकोने विचारलं. बस्स, एवढंच.

थोरला दार लावून स्वतःचं इंजिन लिहायला बसला. धाकट्याच्या जोडणीत प्रत्येक इंधन आधी नोंदवावं लागे. "हॅ! कोळशाकडे काय जन्मदाखला मागायचा?" म्हणत याने एकच नियम लिहिला: जे जे लाकडी ते सरपण. धाकट्याच्या जोडणीवरचं इंजिन पोट रिकामं झालं की बंद पडे. याचं स्वतः शोधून खाई. 'विझव' हा हुकूम मात्र याने मुद्दाम गाळला. नक्कल केली, असं म्हणायला जागा नको!

इंजिन सुरू झालं. कोळसा संपल्यावर त्याने शेजारची पेटी खाल्ली. मग कुंपण. मग पूल. थोरला मिशीत हसत होता, तेवढ्यात धाकट्याचा फोन आला.

"दादा, आमचा जिना कुठे गेला हो?"

"जिना? असेल की तिथंच."

"नाहीये. आणि आता दार चाललंय. विझवा ना ते!"

"विझवतो रे. जरा... वेगळी पद्धत आहे माझी."

"माझी जोडणी लावू का? दोन ओळींचं काम आहे."

त्या दोन ओळी थोरल्याच्या काळजात दोन सुया होऊन घुसल्या. "काही गरज नाही!" म्हणून त्याने फोन ठेवला. पडद्यावर मेव्हणीचा तीन मजली लाकडी महाल धडधडून पेटला होता. वर्षभर खपून बांधला होता बिचारीने! शेवटी लाज गिळून त्याने बायकोला हाक मारली.

"अगं, चुकलं माझं. तुझ्या बहिणीचा महाल जळतोय. धाकट्यालाच सांगतो, लाव बाबा तुझी जोडणी."

त्याने फोन उचलला. बायकोने तो हळूच काढून घेतला आणि पालथा ठेवला.

"परवा मला म्हणाली, ताई, आमच्या गच्चीवरून तुझं घर काडेपेटीएवढं दिसतं."

तिने खुर्ची ओढली, नीट मांडी ठोकून बसली, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच नवऱ्याकडे डोळे भरून पाहिलं.

"अहो, हुशार आहात हं तुम्ही! थांबा जरा. गच्ची राहिलीय अजून."