घसरपट्ट्या आणि सासूबाई

शनिवारी सकाळी तौनो क्यूरोने आपली स्नोमोबाईल अंगणात कुशीवर पाडली, तिच्या पोटाशी उकिडवा बसला आणि आत बघून त्याने एक दीर्घ सुस्कारा सोडला. गाडीच्या पोटात जो रबरी पट्टा फिरतो, तो ज्यांच्यावरून घसरतो त्या दोन प्लॅस्टिकच्या पट्ट्या पार झिजल्या होत्या. घसरपट्टीवर बनवणाऱ्याने एक बारीक रेघ आखलेली असते. तिथपर्यंत झीज आली की पट्टी बदलायची. उजवी पट्टी रेघेला टेकली होती. डावीवर रेघ कुठे आहे ते शोधावं लागत होतं.

खरं तर घसरपट्टीचं मागणं फार नसतं. तिला खाली मऊ बर्फ लागतो. पट्टा फिरताना तो बर्फ उडतो, पट्टीवर पडतो, तिला गार ठेवतो, वंगणाचंही काम करतो. पण एप्रिल संपत आला होता. आठवडाभर पाऊस पडला, मागोमाग गारठा आला आणि सार्की सरोवर दिवाणखान्यातल्या आरशासारखं नुसतं चकचकीत होऊन बसलं. अठरा किलोमीटर आरसा आणि त्यावर ओंजळभर मऊ बर्फ नाही. अशा आरशावर घसरपट्टी तव्यावरच्या लोण्यासारखी वितळते.

आणि तौनोला आजच्या आज पलीकडे जायचं होतं. कारण पलीकडे सासूबाईंचं घर होतं आणि अलीकडे, चार महिन्यांपासून, सासूबाई होत्या.

एल्वीराबाई डिसेंबरात पाय मुरगळला म्हणून दोन आठवड्यांसाठी आल्या होत्या. पाय जानेवारीतच बरा झाला. एल्वीराबाई मात्र राहिल्या. वय ब्याऐंशी, कान तिखट, नाक त्याहून तिखट. त्यांनी तौनोची लाकडाची रास उपसून पुन्हा रचली, सॉनाची, म्हणजे वाफेच्या अंघोळीची, वेळ तासभर अलीकडे ओढली आणि खिडकीजवळच्या त्याच्या खुर्चीत बसायला सुरुवात केली. तौनो चार महिने स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून बातम्या ऐकत होता. तो भांडला नाही. चाळीस वर्षं शाळेची बस चालवलेल्या माणसाला भांडायचा कंटाळा असतो.

पण उद्या रविवारी गावकरी सरोवरावरच्या वाटेच्या खुणेच्या काठ्या उपटणार होते. काठ्या उपटल्या की वाट बंद, मग कुणीही बर्फावर पाऊल टाकत नाही. तिथून पुढे सहा आठवडे ना गाडी चालत, ना होडी. पेतायाच्या टोकावरच्या सासूबाईंच्या घराला रस्ता नाही, कधी नव्हताच. म्हणजे आज नाही तर थेट जूनमध्ये. तौनोने सहा आठवडे स्टुलावर बसून पाहिले, मनातल्या मनात, आणि तो गाडीशेजारून उठला.

"हिल्का, नवीन पट्ट्या?" त्याने खिडकीतून विचारलं. त्याची बायको गावातल्या दुकानात सुट्या भागांच्या काउंटरवर असायची.

"मंगळवारी येतील."

"मंगळवारी सरोवर नसेल."

"मग काटे लाव ना! ते काटे कशाला घेतले होतेस?"

ही गोष्ट बरोबर होती. घसरपट्ट्या ज्यांवर बसवतात त्या रुळांना पोलादी स्प्रिंगचे दोन काटे लावता येतात. ते कडक बर्फावर ओरखडत जातात, बर्फाचा भुगा उडवतात आणि तो भुगा घसरपट्टीवर पडतो. तौनोने काटे लावले, खाली सोडले, पट्टाही जरा सैल केला, म्हणजे घर्षण कमी. त्याला बरं वाटलं. आता फक्त गाडी मागे घेऊन घसरगाडी जोडायची होती, ज्यात सासूबाई बसणार होत्या.

एल्वीराबाई काठी टेकत अंगणात येऊन उभ्या राहिल्या. "ये मागे. ये. ये अजून. भितोस कशाला, ये!"

तौनो आला. काटे खाली सोडलेले असताना गाडी मागे घेतली तर काय होतं, हे लोहिला गावातलं शेंबडं पोरही सांगेल. तौनोलाही ते माहीत होतं, पण कुणी "ये" म्हणालं की येण्याची त्याला चार महिन्यांत सवय लागली होती.

कडाक्. आणि थोड्या वेळाने, जणू विचार करून, पुन्हा एकदा कडाक्.

"काय मोडलं रे?"

"काही नाही."

"मग काही नाही दोनदा मोडलं."

कुंपणापलीकडे शेजारचा उर्पो कॉफीचा पेला घेऊन उभा होता. उर्पो सकाळी आठला कुंपणाशी येतो तो गावात बघण्यासारखं काही उरलं नाही म्हणजे आत जातो. "तौनो," तो म्हणाला, "मागे घेताना काटे वर करायचे असतात."

"आत्ता सांगतोस?"

"तू विचारलं नाहीस."

तौनो मोडक्या काट्यांकडे बघत पायरीवर बसला. सासूबाईंनी नाक मुरडलं, शेडच्या मागे गेल्या आणि तिथूनच ओरडल्या, "इकडे ये! इथे ऊन पोचत नाही. कमरेइतका बर्फ आहे."

"मग?"

"मग पेटीत भर. सरोवरावर मऊ बर्फ नाही ना? आपण घेऊन जाऊ."

तौनोने एकसष्ट वर्षांच्या आयुष्यात लाकूड वाहिलं होतं, मासळी वाहिली होती, एकदा मेलेला रेनडियर वाहिला होता. बर्फ कधी वाहिला नव्हता. त्याने मासळीच्या दोन मोठ्या पेट्या बर्फाने भरल्या आणि फावड्यासकट घसरगाडीत चढवल्या.

"विकायला नेतोस का रे?" उर्पोने विचारलं. "किलोने की पेटीने?"

हिल्का सामान घेऊन आली. तौनोला मोजायची सवय होती. बसमध्ये पोरं मोजता मोजता लागलेली. डिसेंबरात सासूबाई चार पिशव्या घेऊन आल्या होत्या. आज हिल्काने पाच ठेवल्या.

"ही पाचवी कसली?"

"आईबरोबर जायचंय ते. उघडू नकोस, नीट भरलंय."

या घरात प्रश्न छोटा आणि उत्तर लांब असतं हे तौनोला ठाऊक होतं. त्याने पुढे विचारलं नाही.

निघाले. पुढे तौनो, मागे रेनडियरच्या कातड्यात गुंडाळलेल्या एल्वीराबाई, एका हातात रिकामं कॉफीचं भांडं, दुसऱ्या हातात डाव. सहा खुणेच्या काठ्या मागे पडल्या न पडल्या तोच भांड्यावर डाव बडवल्याचा आवाज आला.

"करपतंय! थांब!"

"काय करपतंय? मला तर काही..."

"तुझं नाक डिझेलने मेलंय. पट्टी करपतेय. आधी बर्फ टाक, मग थांब. नाही तर चिकटून बसेल!"

तीही गोष्ट बरोबरच होती. तापलेली पट्टी थांबल्याबरोबर पट्ट्याला डकते आणि गोठून बसते. तौनोने वेग एकदम कमी केला, बाई टुणकन उतरल्या आणि गाडी गोगलगाईसारखी सरकत असताना दोन्ही बाजूंनी फावड्याने पोटात बर्फ फेकायला लागल्या. आतून फुस्स् असा आवाज आला. डिसेंबरात मुरगळलेल्या पायाचं कुणाच्या लक्षातही राहिलं नाही, बाईंच्याही.

असं अकरा वेळा झालं. अकरा वेळा डाव वाजला, अकरा वेळा फुस्स् झालं. तौनोला एकदाही वास आला नाही. त्याने मात्र तोंडाने कबूल केलं नाही की प्रत्येक वेळी पट्टीतून धूर निघायच्या बेतात होता.

आठव्या थांब्याला बाईंनी थर्मासमधली कॉफी ओतली, तिकडच्या रिवाजाप्रमाणे त्यात चीजचा तुकडा टाकला आणि पेला त्याच्याकडे दिला. दोघं उभ्या उभ्या प्याले. वारा नव्हता. ऊन डोळ्यात जात होतं.

"चार महिने तुझी खुर्ची वापरली मी," बाई म्हणाल्या.

"असू दे हो आई."

"टोचते ती. डाव्या बाजूने. मी बोलले नाही."

तौनोने कॉफी संपवली. तीस वर्षं तो त्या खुर्चीत बसत होता आणि त्याला डाव्या बाजूने काहीही टोचलं नव्हतं. पण वाद घालण्यात अर्थ नव्हता. अजून पाच किलोमीटर होते.

दुपारी दोनला गाडी पेतायाच्या टोकाला लागली. पेट्यांमधला बर्फ संपला होता, पट्ट्या नव्हत्या संपल्या. डावी अजून नखभर शिल्लक होती. तौनोने सामान आत नेलं, चूल पेटवून दिली, विहिरीवरचा बर्फ फोडला. प्रत्येक कामाबरोबर त्याच्या अंगातला एकेक जुना शीण उतरत होता. स्वतःची खुर्ची, आठ वाजता सॉना, रेडिओ आपल्याला हवा तेवढा. सहा आठवडे!

"जेवून जा," बाई म्हणाल्या. "माशाचं सूप करते."

"नको, ऊन आहे तोवर निघतो."

"मग पेट्या भरून घे. घरामागे बर्फ आहे."

इथे तौनो जरासा थांबला. मग त्याने शांतपणे, बसच्या पोरांना समजावावं तसं समजावलं. "आई, येताना ओझं होतं. तुम्ही, पाच पिशव्या, दोन पेट्या. ओझं तितका दाब, दाब तितकी झीज. आता मी घसरगाडीही इथेच ठेवतो. हलकी गाडी, झीज नाही. शिवाय जोरात गेलो की लवकर पोचतो. लवकर पोचलो की झिजायला वेळच नाही."

हिशेब ऐकायला चोख होता. बाईंनी आपल्या नाकावर बोट ठेवलं.

"आणि वास कोण घेणार?"

"घेईन मी."

"बरं," एल्वीराबाई म्हणाल्या. चार महिन्यांत त्यांनी त्याच्या म्हणण्याला दिलेला हा पहिला होकार. त्यावरून तौनोने सावध व्हायला हवं होतं.

तो सुटला तो बाणासारखा. मागून डाव नाही, आवाज नाही, सूचना नाही. पहिला किलोमीटर तो शीळ घालत होता. दुसऱ्याला गाऊ लागला. चौथ्याला त्याला वाटलं, ऊन फारच धूसर झालंय. मग कळलं, ते ऊन नाही, धूर आहे, आणि तो त्याच्याच दोन पायांमधून येतोय.

तौनो घाबरला आणि त्याने तेच केलं जे करायचं नसतं. तो जागच्या जागी थांबला.

आतून चर्र झालं, मग अगदी बारीक चुरचुर, मग काहीच नाही. पट्टा आणि पट्टी एकजीव झाले. त्याने गाडी हलवली, लाथा मारल्या, बर्फासाठी चौफेर पाहिलं. चौफेर आरसा होता. त्या आरशात तौनो क्यूरो उलटा उभा होता, तोही दमलेला दिसत होता.

तो चालायला लागला. कुठल्या दिशेने, हा प्रश्न नव्हता. पुढे चौदा, मागे चार. अर्ध्या तासाने समोर काळा ठिपका दिसला. ठिपका वाढत गेला. खुर्चीला लांब लोखंडी पट्ट्या जोडून केलेल्या घसरखुर्चीच्या पट्टीवर एक पाय ठेवून, दुसऱ्याने आरशावर ढकलत, एल्वीराबाई येत होत्या. बुटांखाली घसरू न देणारी लोखंडी नाल, गळ्यात दुर्बीण.

"खिडकीतून दिसला धूर," त्या म्हणाल्या. "बस."

"मी ढकलतो, तुम्ही बसा."

"तुझ्या बुटांना नाल आहे का? नाही. बस मुकाट्याने."

तौनो बसला. ब्याऐंशी वर्षांच्या बाईने एकसष्ट वर्षांच्या जावयाला ढकलत पेतायाच्या घरी आणलं. सरोवरावर बघायला उर्पो नव्हता, एवढंच त्याचं समाधान.

घरी पोचल्यावर त्याने हिल्काला फोन लावला. "गाडी बसली. उर्पोला पाठव."

"उर्पो नाही यायचा. नदीच्या मुखाशी दुपारी पाणी उघडं पडलं. गावकरी काठ्या आजच उपटायला निघालेत."

"मग मी येऊ कसा?"

"होडी सुटेल तेव्हा."

"सहा आठवडे होतात हिल्का!"

"हं," हिल्का म्हणाली. तिच्यामागे रेडिओ जोरात चालू होता आणि खिडकीजवळची खुर्ची समाधानाने करकरल्याचा आवाज तौनोला स्पष्ट आला. तीस वर्षांची ओळख होती त्या आवाजाशी.

तेवढ्यात एल्वीराबाईंनी पाचवी पिशवी त्याच्यापुढे ठेवली. "ही माझी नाही."

तौनोने गाठ सोडली. त्याच्या लोकरी विजारी. दाढीचं सामान. वाचायचा जुना चष्मा. आणि रक्तदाबाच्या गोळ्यांची डबी. त्याने सवयीने गोळ्या मोजल्या. बेचाळीस. रोजची एक.

त्याने फोन पुन्हा कानाला लावला. "तू सकाळीच भरलंस हे?"

"मी काउंटरवर तीस वर्षं काढली आहेत, तौनो. मला पट्टी बघून कळतं किती किलोमीटर उरली ते. आणि तुझ्याकडे बघून कळतं, येताना तू आईचं ऐकणार नाहीस ते."

"मग बोलली का नाहीस?"

पलीकडे रेडिओ बारीक झाला. मग हिल्का अगदी हळू, दमल्या आवाजात म्हणाली, "चार महिने तुम्ही दोघंही होतात रे घरात."

तौनोने फोन ठेवला. चुलीवर सूप उकळत होतं. खिडकीजवळ एक चांगली, मऊ गादीची खुर्ची होती. तो तिच्याकडे वळला.

"ती माझी," एल्वीराबाई पाठ न वळवता म्हणाल्या. "तू बाकावर बस."

तौनो बाकावर बसला. बाक टोचत होता, डाव्या बाजूने. तो काही बोलला नाही.