इवायावर इंग्रजी अर्ज

मंजूच्या मोहितचं जावळ काढलं, त्या वर्षीची ही गोष्ट. मंजू म्हणजे राजेगावच्या चैतरामची लेक, आणि तिचा सासरा किरनापूरचा पुनाराम. आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात, आणि इवायाने इवायाला छळलंच पाहिजे अशी रीत आहे. जो चिडला तो हरला. जावळाच्या दिवशी पुनारामने भर मांडवात चैतरामच्या गळ्यात गोवऱ्यांची माळ घातली आणि वर फोटोही काढून घेतला. आता पाळी चैतरामची होती.

चैतराम साठीनंतर लिहायला शिकलेला. नवं शिंग फुटलेल्या गोऱ्ह्याला दिसेल त्या खुंट्याशी झुंजावंसं वाटतं, तसं त्याला दिसेल तिथे लिहावंसं वाटे. त्याने घरात जाहीर केलं की यंदा इवायाला असा टोला देतो की किरनापूरच्या सात पिढ्या विसरणार नाहीत! इवायावर अर्ज, आणि तोही इंग्रजी शब्दाचा.

शब्द दिला पुतणीने, दीपिकाने. ती बालाघाटला कॉलेजात शिकते. हॅरास म्हणजे छळणे, ती म्हणाली. पण एकदाच चावलेल्या कुत्र्याला हा शब्द लावत नाहीत, रोज दारात येऊन भुंकणाऱ्याला लावतात. चैतरामला वाटलं, हा शब्द पुनारामचं माप घेऊनच शिवलाय. कसा वापरायचा तेही त्याने विचारून घेतलं: आधी छळणाऱ्याचं नाव, मग हॅरास, मग ज्याला छळलं त्याचं.

"सांभाळून जी मोठेबाबा," दीपिका म्हणाली, "हा शब्द गमतीत नाई लिहत."

काठी जितकी जड, तितका टोला चांगला, एवढंच चैतराम समजला.

आमच्याकडे कचेऱ्या हिंदीत चालतात, म्हणून अर्ज हिंदीत, मधोमध हॅरास, खाली नऊ गुन्हे: गोवऱ्यांची माळ, विड्याच्या पानात मिरची, धोतराचा सोगा खाटेला बांधणे वगैरे. बेत साधा होता. पुढच्या आठवड्यात किरनापूरला मोहितच्या वाढदिवसाचं जेवण होतं. तिथे उभं राहून सगळ्यांसमोर वाचायचा. पण शिक्क्याशिवाय कागदाला कोण मानतो? म्हणून मंगळवारी तो बालाघाटला कलेक्टर कचेरीत, लोकांच्या तक्रारी ऐकतात त्या जनसुनवाईच्या रांगेत लागला, एक प्रत साहेबांना दिली आणि दुसरीवर शिक्का मारून आणला. दिलेली प्रत पुढे हलेल अशी शंकाही त्याला आली नाही. नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, पाण्याचा त्याचा खरा अर्ज तिथेच चार वर्षं झोपून होता.

हा झोपला नाही. म्हातारा माणूस आणि हॅरास एकाच ओळीत पाहून साहेबांनी लाल शाईने 'तत्काल' लिहिलं. किरनापूरला पंगत बसली, चैतराम खाकरून उभा राहिला, खिशातून कागद काढला, आणि मांडवात दोन पोलीस शिपाई आले. पुनारामच्या हातात अजून पुरीचा तुकडा होता. तो आधी पोट धरून हसला. इवायाने शिपायांचं सोंग आणलं असं त्याला वाटलं. त्याने एकाची टोपीही ओढली. ते त्याला महागात पडलं. शिपायांनी त्याला पंगतीतून उठवून थान्यात नेलं.

चैतराम मागोमाग धावला, अर्ज मागे घेतो म्हणाला. थानेदाराने त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं.

"दादाजी, किसका दबाव है? डरिए मत."

"दबाव नाई जी. हा माहा इवाई हाय. मले छळाचा त्याले हक्कच हाय."

थानेदार मुन्शीकडे वळला. "लिखो, बुजुर्ग बहुत सहमे हुए हैं."

जितकं समजावलं तितका कागद लांबला. संध्याकाळी पुनारामकडून लिहून घेतलं की तो चैतरामला बोलून, हसून किंवा इशाऱ्याने कधीही त्रास देणार नाही. पुनारामला अक्षर येत नव्हतं. त्याने अंगठा लावला आणि धोतराला पुसला.

त्यानंतर पुनाराम फार चांगला वागू लागला. या जी, बसा जी, चहा घ्या जी. चैतरामने एकदा मुद्दाम त्याच्या पानात तीन मिरच्या घातल्या. त्याने डोळ्यांतून पाणी गाळत अख्खं पान चघळलं आणि छान झालं म्हणाला. माणसाला असं छळण्याला इंग्रजीत काय म्हणतात, हे विचारायची चैतरामची हिंमत झाली नाही.

वर्षभराने पुनाराम खाटेला लागला. चैतराम भेटायला गेला, उशाशी बसला.

"इवाई, एक शिवी तरी दे मले."

पुनाराम छताकडे पाहत राहिला. "थानेदारले पुसून या जी."

तो आता हसेल म्हणून चैतराम वाट पाहत बसला. घरच्यांनी दिवा लावला, तरी बसून होता.

पुनाराम गेल्या कार्तिकात, द्वादशीच्या सकाळी वारला.